पुन्हा तीच टेकडी

सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये वाटांची एक उतरंड ठरून गेली आहे. वरच्या टोकाला अलंग-मदन-कुलंग, दोर लावून चढायचे सुळके, घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अवघड नाळी. त्याखाली राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. त्याखाली अर्ध्या दिवसात होणारे सिंहगड आणि लोहगड. आणि अगदी तळाशी, मोजली तर मोजली, अशी गावाला लागून असलेली टेकडी. मोठ्या ट्रेकच्या आधी दम वाढवायला पाठीवर वजन घेऊन ती चढायची, नाहीतर गुडघे कुरकुरू लागल्यावर नाइलाजाने तिच्याकडे वळायचं. मला ही उतरंड मान्य नाही. सोपी, जवळची, एकट्याने आणि वारंवार चालायची वाट ही मोठ्या वाटेची पूर्वतयारी नव्हे. तिची जातच वेगळी आहे. शहरात राहणाऱ्या माणसाला जमिनीची म्हणून जी काही ओळख होऊ शकते ती मुख्यतः अशाच वाटेवर होते, असं माझं म्हणणं आहे. अशा टेकड्या गावोगाव आहेत. साताऱ्याला अजिंक्यतारा, नाशिकला पांडवलेण्यांचा डोंगर, नागपूरला सेमिनरी हिल्स, छत्रपती संभाजीनगरला गोगाबाबाची टेकडी. इथे उदाहरण पुण्याचं घेते, कारण तिथल्या टेकड्यांच्या भवितव्याचा वाद अजून मिटलेला नाही आणि या म्हणण्याची खरी परीक्षा तिथेच होते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. शहरातल्या उंच टेकड्यांपैकी एक, वेताळ टेकडी, ८०० मीटरच्या आसपास जाते. लॉ कॉलेजच्या मागून, हनुमान टेकडीवरून, चतुःशृंगीकडून, पाषाण आणि कोथरूडच्या अंगाने तिच्यावर वाटा चढतात. दक्षिणेला पर्वती, तळजई, पाचगावचं वन, आणि त्यापलीकडे कात्रजचे डोंगर आहेत. सिंहगडापासून पूर्वेला भुलेश्वरपर्यंत गेलेल्या रांगेचाच ते भाग. दगड सगळीकडे एकच, लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसॉल्ट. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक ढोबळ हिशेब मांडला होता. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. दोन किलोमीटर अंतर आणि दोनशे मीटर चढ असलेल्या वाटेला या हिशेबाने पाऊण तासही लागत नाही. वर जाऊन, माथ्यावर तासभर हिंडून माणूस कामाच्या वेळेआधी घरी परतू शकतो. हा आकडा किरकोळ वाटेल, पण माझं पुढचं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. जी वाट आठवड्यातून तीनदा चालता येते आणि जी वर्षातून एकदा, त्या दोन वाटांवर दिसणाऱ्या गोष्टीच वेगवेगळ्या असतात.

अवघड वाट माणसाला पुष्कळ काही देते, हे नाकारण्यात अर्थ नाही. भीती कशी आवरायची, दमलेल्या शरीराकडून आणखी तासभर कसं काम करून घ्यायचं, सोबत्याच्या हातावर विश्वास कसा टाकायचा हे कातळटप्प्यावर जसं कळतं तसं दुसरीकडे क्वचितच कळतं. पण यातलं बहुतेक ज्ञान स्वतःबद्दलचं आहे. कड्याच्या कपारीत पाय रोवताना नजर पुढच्या खाचेवर असते, घळीतून उतरताना निसटणाऱ्या धोंड्यांवर, आणि शेवटच्या टप्प्यात घड्याळावर, कारण पायथ्याच्या गावातून शेवटची एसटी गेली तर मुक्काम पडतो. लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. ते तोल सांभाळण्यात खर्च झालं की आजूबाजूला फार थोडं उरतं. सोप्या वाटेवर पावलं आपली आपण पडतात, म्हणून डोळे आणि कान मोकळे होतात. सोपेपणाकडे आपण उणीव म्हणून पाहतो. मला ती सोय वाटते, पाहण्यासाठी लागणारी सोय. ज्याला डोंगराबद्दल काही जाणून घ्यायचं आहे त्याने निदान काही वाटा तरी अशा निवडाव्यात जिथे डोंगर त्याच्याशी झगडत नाही.

याचा पुरावा ऋतूंमध्ये सापडतो, आणि पुण्याच्या टेकड्यांवर ऋतू फार भराभर बदलतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला, पुण्यात, तो सातशेच्या घरात येतो. या टेकड्या पर्जन्यछायेतल्या, गवताच्या आणि विरळ झाडांच्या आहेत. घनदाट हिरवाईची सवय असलेल्याला मार्च महिन्यात त्या उजाड वाटतात आणि एकदाच आलेला माणूस तेच मत घेऊन उतरतो. रोजच्या वाटेवरच्या माणसाला मात्र ठाऊक असतं की साळईची निष्पर्ण फांदी मेलेली नाही, की पानं गळाल्यावरच गणेर पिवळा फुलतो, आणि पळस-पांगारा त्याच सुमारास. वळवाचा पाऊस पडून गेला की मेलेल्या वाटणाऱ्या मुरमातून काळ्या मुसळीची पिवळी चांदणी वर येते. वर्षातले बरेच महिने कंदाच्या रूपाने जमिनीखाली काढलेल्या वनस्पतींचा हा मोसम काही आठवड्यांचा असतो आणि तो चुकला की वर्षभर वाट पाहावी लागते. मृगाचे लाल मखमली किडे तर थोडेच दिवस दिसतात. चातक पावसाच्या पुढे येतो, पावशा ओरडू लागतो. मग तेरडा, मग कुर्डू, मग कमरेएवढं गवत. गवत पिवळं पडलं की कुसळीचं बी मोज्यांत आणि पायजम्यात घुसतं. त्याला चिडण्याआधी ते नीट पाहावं. बियाला पिळलेल्या दोरीसारखी लांब शेपटी असते. हवेत ओल आली की तिचा पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून टोकदार बी जमिनीत आपोआप रुजत जातं. ही करामत पाहायला ना दुर्बीण लागते ना वाटाड्या. लागतं ते इतकंच, की पावसाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी माणूस तिथे असावा.

वारंवार जाण्याने आणखी एक गोष्ट होते. पाहण्यातली भाबडी खुशी जाऊन तिथे पारख येते. जानेवारी-फेब्रुवारीत गिरिपुष्पाची फिकट गुलाबी फुलं टेकडीच्या उतारांवर बहरतात तेव्हा नवख्याला वाटतं, काय सुंदर जंगल आहे. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. वनीकरणात ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं, कारण ते झपाट्याने वाढतं, कमी पाण्यात तगतं, काठी रोवली तरी फुटतं. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उघडे उतार धुपत होते आणि हिरवं काहीतरी हवं होतं. पण ज्याच्या पायाखाली तो उतार वर्षानुवर्षं आहे त्याला दिसतं की या दाट लागवडीखाली गवत विरळ होत जातं, आणि गवत गेलं की गवतावर जगणारे चंडोल, तित्तिर, लहान कीटक आणि त्यांच्यावर टपलेला शिक्रा हेही कमी होतात. गवताळ माळाला पडीक समजून त्यावर झाडं लावणं म्हणजे निसर्गसेवा, हा समज आपल्याकडे शाळेपासून रुजवला जातो. तो तपासून पाहायला पुस्तकं आहेतच. तरी डोळ्यांना पटवणारा पुरावा शेजारी-शेजारी असलेल्या दोन उतारांवर मिळतो, एक गिरिपुष्पाचा आणि एक कुसळीचा, आणि तो तुलनेनेच मिळतो.

आता एकटेपणाचा मुद्दा. मराठी माणसाची चालण्याची थोर परंपरा सोबतीची आहे, असा आक्षेप इथे कोणीही घेईल आणि तो वजनदार आहे. पंढरीची वाट दिंडीने चालायची असते. अभंग, टाळ, मुक्काम, पंगत यांशिवाय ती वारीच होत नाही. मग एकट्याने चालण्याचं कौतुक हे परक्या मुलखातून उसनं आणलेलं नाही का? मला तसं वाटत नाही. वारी हे एका ठिकाणी पोचण्याचं आणि एकमेकांत मिसळून जाण्याचं चालणं आहे. तिथे समूह हाच अनुभवाचा गाभा असतो. पण याच मातीत एकट्याने हिंडणारेही कायम होते. पहाटेच्या फेरीला निघालेला वासुदेव, भिक्षेला हिंडणारा नाथजोगी, मेंढरांमागे रानोमाळ फिरणारा धनगर, गुरं घेऊन दिवसभर टेकडीवर राहणारा गुराखी. यातल्या शेवटच्या दोघांना रान जितकं कळलेलं असतं तितकं दहा जणांच्या गटाला कळत नाही, कारण ते बोलत नाहीत, ऐकतात. सातभाईंचा थवा झुडपात कलकलाट करतो तो कधी आपसातल्या भांडणाचा असतो, कधी साप किंवा शिकारी पक्षी दिसल्याचा. यातला फरक थांबून ऐकणाऱ्यालाच कळतो, आणि गटात थांबता येत नाही. गटाची चाल सर्वांत उत्साही माणूस ठरवतो आणि विश्रांती सर्वांत दमलेला. त्या दोहोंच्या मध्ये एखाद्या झाडाच्या सालीपाशी दहा मिनिटं उभं राहायला जागा नसते.

गटाने हिंडण्याची आजची परिस्थितीही विचारात घ्यायला हवी. २०२३ च्या जुलैमध्ये लोहगडावर एका रविवारी इतके लोक गेले की गडाच्या दरवाज्यांच्या वाटेवर माणसं तासन्‌तास अडकून पडली. त्या गर्दीचे फोटो सर्वत्र फिरले. याला जबाबदार धरायचं तर केवळ बेशिस्त पर्यटकांना धरून भागत नाही. डोंगर म्हणजे ठरावीक नावाजलेली ठिकाणं, आणि पावसाळ्यातला शनिवार-रविवार हाच त्यांचा मुहूर्त, ही समजूत याच्या मुळाशी आहे. गर्दीतला प्रत्येक जण घराजवळची एखादी टेकडी ओलांडून तिथे आलेला असतो. मनाच्या विसाव्यासाठी लोहगडच हवा असंही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना विद्यापीठाजवळच्या गवताळ, तुरळक झाडांच्या भागात दीड तास चालायला लावलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. गवतातून चालून आलेल्यांच्या मनात तेच ते नकोसे विचार घोळत राहण्याचं प्रमाण घटलेलं आढळलं, रस्त्याकडेच्यांमध्ये तसं आढळलं नाही. एका लहान गटावरच्या अभ्यासावर मोठे निष्कर्ष रचू नयेत. तरी लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही की त्या जागेत भव्य काहीच नव्हतं. थोडं गवत, थोडी झाडं, थोडा चढ. पुण्याच्या टेकडीवर आहे तेवढंच.

माझ्या मते जवळच्या वाटेचं सर्वांत मोठं देणं पाण्याबद्दलचं आहे, आणि ते सहसा कोणी मोजत नाही. लाव्ह्याच्या थरांत काही थर घट्ट, काही सच्छिद्र. वरून मुरलेलं पाणी सच्छिद्र थरातून वाहतं आणि खालचा घट्ट थर लागला की उताराच्या कडेला पाझरून बाहेर येतं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कापलेल्या भिंतीत हे थर उघडे दिसतात. पावसाळा संपून कित्येक आठवडे झाले तरी ओली राहणारी कातळाची कड, एरवी सुकलेल्या उतारावर हिरवा राहिलेला गवताचा पट्टा, ही त्याचीच चिन्हं. ज्याने टेकडीवरचं पाणी कुठून कुठे जातं हे पाहिलं आहे त्याला खालचं शहर निराळं दिसू लागतं. इमारतींच्या मागचा दुर्गंधीचा नाला हा ओढा आहे आणि त्याला उगम आहे, हे त्याला सांगावं लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या डोंगरातलं पाणी तलावात अडवून भुयारी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. डोंगर आणि पेठ यांचं नातं त्या बांधणाऱ्यांना स्पष्ट ठाऊक होतं. त्याच डोंगरांतून आंबील ओढा येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला, काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला, आणि त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. पाऊस असाधारण होता हे खरं. पण ओढ्याचं पात्र आकसत गेलं, उतारांवर बांधकामं चढत गेली, हेही त्याच्या जोडीला होतं. टेकडीवर हिंडणारे सगळे जलतज्ज्ञ होतात असा माझा दावा नाही. मात्र पाणी उताराने येतं ही साधी गोष्ट पायांना माहीत असलेल्या नागरिकांची संख्या वाढली तर ओढ्यावर स्लॅब टाकण्याचा प्रस्ताव आज येतो तितक्या सहजपणे येणार नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकणं बेजबाबदारपणाचं होईल. एकट्या माणसाचा पाय मुरगळला तर मदत कोण बोलावणार? नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. टेकड्यांवर लुटमारीचे प्रकार घडतात. यातल्या पहिल्या दोन धोक्यांवर जवळची, सोपी वाट हाच बराचसा उपाय आहे. तिथे मोबाइलला रेंज असते, १०८ ची रुग्णवाहिका पायथ्यापर्यंत येऊ शकते, वाट मळलेली असते आणि दिवसाउजेडी तासाभरात कोणीतरी तिच्यावरून जातंच. घरी कोणत्या बाजूने चढून कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत, हे सांगून ठेवावं. अंधार पडण्याआधी उतरावं. पावसाळ्यात उंच गवतात न दिसणाऱ्या जागी हात-पाय घालू नये. धुक्यात नवी वाट धरू नये. पाणी जवळ असावं. याच्या पलीकडचा धोका माणसांचा आहे आणि तो बाईच्या वाट्याला जास्त येतो. एकट्या बाईने टेकडीवर जावं असं लिहिणं सोपं आहे, पण काही घडलं तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल, की तू तिथे एकटी का गेलीस. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांबद्दल लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मांडलं आहे की बाईला सार्वजनिक जागेत वावरताना काहीतरी काम असल्याचं सतत दाखवावं लागतं. काम नसताना, नुसतं असण्यासाठी तिथे असण्याचा हक्क तिला मिळालेला नाही. टेकडीवरचं एकटीचं चालणं हा नेमका तोच हक्क. भीती खरी आहे म्हणून प्रत्येकीने आपला निर्णय आपण घ्यावा, वेळ आणि वाट आपण ठरवावी, आणि कोणी सोबत घेऊन गेली तर तिच्या चालण्याला उणं लेखू नये. मात्र बायकांनी टेकडीवर जाऊ नये हा उपाय म्हणून कोणी सुचवू नये. ज्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ अनेक बायका एकेकट्या दिसतात ती वाट पुढच्या बाईला अधिक सोपी होते. गस्त, चौकी, पायथ्याचे दिवे हे सगळं हवं, आणि ते मागण्याचा अधिकारही वाट वापरणाऱ्यांकडूनच उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं फुरसतीचं, पोट भरलेल्यांचं आहे. यात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर देण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. या वाटा सकाळी फिरायला येणाऱ्यांनी पाडलेल्याच नाहीत. गुरं चारणाऱ्यांनी, जळणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायकांनी, वेताळबाबाला नारळ वाहायला चढणाऱ्या भाविकांनी, पलीकडच्या गावाला जवळच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी त्या पाडल्या. उतार कापताना वाट कुठे तिरपी घ्यायची, कुठल्या खडकाला वळसा घालायचा हे त्या पायांनी ठरवलं. पुढे शहर वाढलं, गावं पालिकेत आली, गुरं कमी झाली, वनखात्याची कुंपणं आली, आणि आज त्याच वाटांवर बुटांचे ठसे उमटतात. तेव्हा टेकडी ‘आमची’ म्हणताना फिरायला येणाऱ्याने जरा दबकून म्हणावं, आणि अजूनही कोणी मोळी घेऊन उतरत असेल तर वाट तिला आधी द्यावी. पण आक्षेपाचा उरलेला भाग मला उलटा वाटतो. हिमालयातल्या मोहिमेला, अगदी गडावरच्या आयोजित ट्रेकलासुद्धा, पैसे लागतात आणि रजा लागते. टेकडीला तिकीट नाही, सामान नाही, साध्या चपलेत चढणारे पुष्कळ आहेत. टेकड्यांच्या पायथ्याला जनवाडी, गोखलेनगर, जनता वसाहत अशा वस्त्या आहेत. तिथल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला अभ्यासाची वही घेऊन बसायला, धावायला, एकटं असायला दुसरी कुठली जागा आहे? ज्यांच्याकडे फार्महाउस आहे त्यांना टेकडी गेल्याने फारसं काही गमवावं लागणार नाही.

पायांनीच टेकडी झिजते, हा तिसरा मुद्दा मात्र मी आक्षेप म्हणून न घेता सूचना म्हणून घेते. मळलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांनी चालत गेलं की वाट रुंदावते, मुरूम सुटतो, पहिल्या पावसात त्याची घळ होते. वळणं तोडून सरळ उतरणाऱ्यांनी काही उतार उघडे केले आहेत. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, ती पायाखाली येऊ शकतात. मोकाट सोडलेला कुत्रा जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांना हुसकावतो. मोराला शेव-फरसाण घालणं ही दया नाही. उन्हाळ्यात एका विडीच्या थोटकाने वणवा लागतो आणि वनखात्याने काढलेल्या जाळरेषा दर वेळी तो रोखू शकत नाहीत. म्हणून मळलेल्याच वाटेने, एकामागे एक, चालावं. एकट्याचं चालणं इथेही बरं, कारण त्याला वाटेची रुंदी लागत नाही. याच कारणाने टेकड्यांवर पेव्हिंग ब्लॉकचे पथ, कठडे, व्यायामाची यंत्रं, प्रकाशयोजना आणण्याच्या हौसेला माझा विरोध आहे. त्यातून नागरिकांची सोय होते असं सांगितलं जातं. ज्येष्ठांसाठी आणि चालायला अडचण असलेल्यांसाठी पायथ्याजवळचा एखादा सपाट, पक्का रस्ता जरूर असावा. पण माथ्यापर्यंत सिमेंट नेलं की पाणी मुरायची जागा जाते आणि वाटेच्या मागोमाग दुकानं, वाहनं चढू लागतात. टेकडीवर मातीची वाट मातीची राहणं हीच तिची देखभाल.

शेवटी तो वाद. बालभारतीजवळून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढण्याचा प्रस्ताव बरीच वर्षं रेंगाळत आला आहे. त्याच्या जोडीला टेकडीखालून बोगद्यांचे बेतही मांडले गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये मोठ्या संख्येने पुणेकर याविरुद्ध मोर्चाने रस्त्यावर उतरले. त्याआधी पालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यान म्हणून राखून ठेवण्यावरून लांबलचक झगडा झाला आणि राज्य सरकारची मान्यता यायला २०१५ उजाडलं. आरक्षण कागदावर आहे. जमिनी ताब्यात घेणं, मालकांना न्याय्य मोबदला देणं आणि अतिक्रमण रोखणं ही कामं अजून अपुरी आहेत. विरोधकांवर एक आरोप नेहमी होतो, की हे टेकडीच्या आसपास राहणारे सुखवस्तू लोक आपली सकाळची मजा वाचवण्यासाठी शहराची वाहतूक अडवून धरतात. आरोप पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी खरी आहे आणि तिथे दुचाकीवर रोज अर्धा तास घालवणाऱ्याच्या त्रासाला टेकडीवरच्या मोराचं उत्तर पुरत नाही. पण बाजू तपासायची तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते मोजायला हवं. रस्त्याच्या बाजूने वाहनांची मोजणी असते, वाचणाऱ्या मिनिटांचे तक्ते असतात, खर्चाचे अंदाज असतात. टेकडीच्या बाजूने कोणत्या उतारावर पाझर किती महिने टिकतो, कुठल्या पट्ट्यात मुसळी आणि हबेआमरी उगवतात, टिटवी कुठे अंडी घालते, पहिल्या पावसाचं पाणी कुठल्या ओढ्याला किती वेळात पोचतं, याच्या नोंदी लागतात. अभ्यासक त्या करतात, पण ते थोडे आहेत आणि त्यांचा निधी थोड्या महिन्यांचा असतो. वर्षानुवर्षं, बाराही महिने, एकाच वाटेवर जाणारी माणसं शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी खिशात वही ठेवली, तारीख, जागा आणि दिसलेली गोष्ट एवढं जरी लिहिलं आणि ते जनसुनावणीत मांडलं, तर ‘आमची आवडती टेकडी’ या भावनेच्या जागी पुरावा उभा राहील. हा पुरावा मोठ्या मोहिमेवर गोळा होत नाही. तो पाऊण तासाच्या चढावर, सवडीने, एकट्याने, त्याच त्या वाटेवर गोळा होतो. पुढची सुनावणी लागेल तेव्हा तो तयार असावा म्हणून नोंदी आत्तापासून, या वर्षीच्या कुसळीपासून सुरू व्हायला हव्यात.